ताई, हे माझ्या रक्तात तर नाही ना?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी एकच निवडलं आहे. पत्र मोठं होतं, त्यातला मुख्य भाग देते.

"ताई, मी ठाण्यात राहते, वय ३२. मुलगी सात महिन्यांची आहे आणि मी नुकतीच कामावर परत रुजू झाले. रात्री तिला पाजताना डोळा लागू नये म्हणून मोबाइलवर वाचायची सवय लागली. वाचते काय, तर आई-मुलांच्या थरारकथा. 'द पुश' संपवली, 'वी नीड टू टॉक अबाउट केव्हिन' अर्ध्यावर आहे, 'शार्प ऑब्जेक्ट्स' उतरवून ठेवली आहे. सुटतच नाही.

माझ्या आजीने आईला जन्मानंतर थोड्याच दिवसांत टाकलं, असं घरात दबक्या आवाजात बोलतात. 'बाळंतपणात तिचं डोकं फिरलं', यापुढे कुणी बोलत नाही. आई तिच्या मामा-मामींकडे वाढली. आईने मला खूप मारलं आहे, न्हाणीघरात दिवा बंद करून कोंडलं आहे. तीच आई आता नातीला डोळ्यांत तेल घालून जपते, आणि ते बघून मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप येतो.

मध्यंतरी मुलीला घेऊन गॅलरीत उभी होते. आमचा अकरावा मजला. एकदम डोळ्यांसमोर आलं, की मी हात सोडले तर? तेव्हापासून गॅलरीला कडी घालून ठेवली आहे. ती पाजताना चावते आणि वर माझ्याकडे बघून हसते, तेव्हा मला 'द पुश'मधली मुलगी दिसते. नवरा म्हणतो, असलं वाचतेसच कशाला, काहीतरी चांगलं वाच. ताई, पुस्तकं बंद करू का? आणि हे माझ्या रक्तात तर नाही ना?"

मैत्रिणी,

गॅलरीपासून सुरुवात करते, पुस्तकांचं नंतर बोलू. ते चित्र डोळ्यांसमोर आलं, तुम्ही हादरलात, आत आलात, दाराला कडी घातलीत. ज्या बाईला मुलीला खरोखर इजा करायची असते ती अशी वागत नाही. न बोलावता घुसणारे असे विचार बाळंतिणींच्या मनात सर्रास येतात. सुरी दिसली की, खिडकी दिसली की, आंघोळीचं पाणी काढलं की. बोलत कुणी नाही, म्हणून जिला तिला वाटतं की जगात राक्षसीण आपण एकटीच. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने आई झालेल्या बायकांना हे थेट विचारलं होतं. बाळाला चुकून काही होईल असे विचार सगळ्यांनाच येत होते. आपल्याच हातून, मुद्दाम काही होईल असे नकोसे विचार जवळजवळ निम्म्या जणींना येऊन गेले होते. दमलेलं मन सतत धोका हुंगत असतं आणि ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त धास्ती, तीच समोर आणून उभी करतं. असा विचार जितक्या जोराने ढकलाल तितक्या जोराने तो परत येतो.

गॅलरीला जाळी बसवून घ्या. मुलगी लवकरच रांगायला लागेल, तेव्हा ती लागणारच आहे. पण गॅलरीत जायचंच नाही, असा नियम स्वतःला घालू नका. आज गॅलरी, उद्या स्वयंपाकघर, परवा मुलीला एकटीने आंघोळ घालणं, असं करत भीती घर व्यापते. हे विचार दिवसातून अनेकदा येत असतील, त्यापायी तुम्ही कामं टाळत असाल किंवा पुन्हा पुन्हा तपासण्या करत असाल, तर त्यावर चांगले उपचार आहेत. सोसत बसण्याचं कारण नाही.

यापेक्षा वेगळी एक अवस्था असते आणि ती तुम्हाला ठाऊक असायला हवी. बाळंतपणानंतर हजारांत एखाद-दोन बायकांना, बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच, तीव्र मानसिक आजार होतो. दिवसचे दिवस झोप नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही. आवाज ऐकू येतात. बाळ आपलं नाही, त्याच्यात काहीतरी दुष्ट शिरलंय, अशी खात्री पटत जाते. त्यात इजा करण्याचा विचार आला तर त्या बाईला तो भयंकर वाटत नाही, बरोबर वाटतो. असं कधीही झालं, तुम्हाला किंवा ओळखीतल्या कुणाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं आणि बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही. हा आजार बरा होतो.

आता आजी. साठेक वर्षांपूर्वीच्या बाईचं निदान पत्रावरून करता येत नाही. तरी 'बाळंतपणात डोकं फिरलं' हे वाचून मला हाच आजार आठवला. बाळ जवळ ठेवून आईवर मानसोपचार करण्याचा आपल्या देशातला पहिला विभाग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत सुरू झाला, तोही २००९ साली. तुमच्या आजीच्या वेळी काय असणार? अंगारे, धुपारे, कोंडून ठेवणं, आणि बाळाला कुणा नातलगाकडे धाडून देणं. तेव्हा आजीने मूल टाकलं की घरातल्यांनी तिच्याजवळून ते काढून नेलं आणि परत दिलंच नाही, हे कुणी विचारलं आहे का? आईच्या मामींपैकी कुणी हयात असतील तर त्यांना माहीत असेल. या एका उत्तराने तुमच्या घरातल्या तीन बायकांची कथा बदलू शकते.

रक्ताच्या प्रश्नाला आडवळणाने उत्तर देणार नाही. काही गोष्टी घराण्यात उतरतात. बाळंतपणानंतरचा तो तीव्र आजार, किंवा टोकाचा उत्साह आणि टोकाचं नैराश्य आळीपाळीने येणारा आजार जवळच्या नात्यात असेल तर धोका काही प्रमाणात वाढतो. म्हणून आजीची गोष्ट तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच सांगा. मधुमेह कुणाला आहे, हे आपण न लाजता सांगतो, तितक्याच सरळपणे.

क्रौर्य मात्र असं रक्तातून उतरत नाही. लहानपणी मार खाल्लेली, दुर्लक्षित झालेली माणसं स्वतःच्या मुलांशी तशीच वागतात का, यावरच्या अभ्यासांचा आढावा १९८७ साली अमेरिकेत घेतला गेला. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी काढलेला अंदाज साधारण ३० टक्क्यांचा होता. आकडा लहान नाही. पण दहांतले सात आईबाप ते पुढे नेत नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे, आणि थरारकथा या सात जणांची कधी होत नाही. आघात जनुकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, असं हल्ली फार ठामपणे छापून येतं. माणसांमधला त्याचा पुरावा अजून थोडका आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. त्यावर तुम्ही झोप घालवू नये.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यामागे काय सापडलं? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, आणि त्यात मुलगी झालेली असणं. म्हणजे आत्ता, या घरात, या बाईच्या आजूबाजूला काय चाललं आहे ते. घराण्याच्या शापाइतकं हे सनसनाटी नाही, पण यातलं बरंच काही बदलता येतं.

आता तुमच्या कादंबऱ्या. मी या प्रकारच्या कथा आवडीने वाचते आणि त्यांना टाकाऊ समजत नाही. आईला मुलाचा कंटाळा येतो, राग येतो, कधी ते नकोसं होतं, हे आपल्याकडे बोलायचीच सोय नाही. बाळंतिणीला शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं साग्रसंगीत होतं. तिला मनातून कसं वाटतंय, हे विचारायचं मात्र राहून जातं. विचारलंच तर 'तुला काय कमी आहे?' असं. डोनाल्ड विनिकॉट या इंग्लिश बालरोगतज्ज्ञाने आणि मनोविश्लेषकाने १९४९ च्या एका निबंधात, आईला आपल्या तान्ह्या बाळाचा द्वेष का वाटतो याची अठरा कारणं लिहून ठेवली आहेत. प्रेम करणाऱ्या, चांगल्या आयांबद्दलच तो बोलत होता. तुम्हाला रात्री तीन वाजता ही पुस्तकं ओढून घेतात, कारण तिथे कुणीतरी तुमच्या मनातलं मोठ्याने बोलतं. ही भूक खरी आहे. नवऱ्याने सुचवलेल्या 'चांगल्या' पुस्तकांनी ती भागेल असं मला वाटत नाही.

पण थरारकथेची म्हणून एक गरज असते. विल्यम मार्चच्या १९५४ सालच्या 'द बॅड सीड' या कादंबरीत आठ वर्षांची गोड मुलगी खून करते, आणि हळूहळू तिच्या आईला कळतं की आपली जन्मदात्री खुनी होती, हे 'बी' आपल्यातूनच मुलीत उतरलं. कादंबरीत मुलगी शेवटी निर्धास्त राहते. १९५६ साली चित्रपट निघाला तेव्हा हॉलिवूडच्या त्या काळच्या नियमावलीनुसार गुन्हेगार सुटलेला दाखवता येत नव्हता. म्हणून शेवट फिरवला आणि त्या पोरीच्या अंगावर वीज पाडली. अनुवंशाचा असा अटळ न्याय कागदावर चालतो, कारण लेखकाला शेवट हवा असतो. रक्ताचा सिद्धांत या कथांना इतका सोयीचा आहे की तो खरा आहे का, हे तपासायची त्यांना गरजच पडत नाही.

तुम्ही ज्या दोन कादंबऱ्यांत अडकला आहात त्या यापेक्षा पुष्कळ शहाण्या आहेत. त्यांची रचना आठवून बघा. (शेवट सांगत नाही, तुमची एक अर्धी राहिली आहे आणि इतरांनाही वाचायच्या असतील.) ॲशली ऑड्रेनच्या 'द पुश'मध्ये ब्लाइद नवऱ्याच्या नव्या घराबाहेर गाडीत बसलेली असते. त्याला द्यायला आपली बाजू लिहून आणलेले कागद सोबत असतात. पुढची जवळजवळ सगळी कथा त्या माणसाला 'तू' म्हणून सांगितलेली आहे. अधूनमधून तिची आई सिसिलिया आणि आजी एटा यांच्या गोष्टी येतात. लायनेल श्रायव्हरच्या केव्हिनमध्ये एव्हा पत्रामागून पत्र लिहिते, तेही नवऱ्यालाच, फ्रँकलिनला. आपलं पोर अगदी सरळ आहे आणि बायकोच्याच मनात काहीतरी वाकडं आहे, अशी त्याची समजूत. एक कॅनडातली लेखिका, एक अमेरिकेतली, मध्ये अठरा वर्षांचं अंतर, आणि दोघींच्या नायिका आपलं सांगणं लिहितात ते वेळेवर न ऐकणाऱ्या माणसाला उद्देशून. मला या दोन्ही पुस्तकांतली खरी भीती मुलांच्या डोळ्यांत दिसत नाही. आई एकटी पडते आणि सांगूनही कुणी तिचं खरं मानत नाही, तिथे माझ्या अंगावर काटा येतो.

याच्या शेजारी एक खरी घडलेली गोष्ट ठेवते. सेल्मा फ्रायबर्ग, एडना ॲडेल्सन आणि व्हिव्हियन शपिरो यांनी मिशिगनमध्ये तान्ह्या बाळांच्या कुटुंबांबरोबर काम केलं आणि १९७५ साली एक निबंध लिहिला. आईबापांच्या बालपणातली न बोललेली दुःखं भुतांसारखी बाळाच्या खोलीत येऊन बसतात, अशी त्यांची कल्पना. त्यांच्याकडे साडेपाच महिन्यांची एक मुलगी आली होती. निपचित, कशातच रस नसलेली. ती रडून रडून आक्रोश करायची आणि आई शेजारी बसून शून्यात बघत राहायची, जणू ऐकूच येत नाही. या आईची स्वतःची आई तिच्या जन्मानंतर लगेच मानसिक आजाराने कोसळली होती आणि पोर पहिली पाच वर्षं मावशी-आत्याच्या नात्यातल्या बाईकडे वाढली होती. ओळखीचं वाटतंय ना?

त्यांनी तिला मुलीला उचलून घे, असे धडे दिले नाहीत. तिच्या घरी जाऊन, मुलगी तिथेच असताना, तिची स्वतःची गोष्ट ऐकली. ती सुरुवातीला सगळं कोरडेपणाने सांगायची. पुढे जेव्हा ती स्वतःच्या त्या लहानपणासाठी रडली आणि समोरच्या बाईने ते रडणं थोपवलं नाही, तेव्हा त्याच बैठकांतून ती मुलीला जवळ घ्यायला लागली. रडली की धावायला लागली. त्यांच्या निरीक्षणाचा गाभा असा की काय घडलं हे सगळ्यांनाच आठवतं. ज्यांना तेव्हा किती दुखलं, किती भीती वाटली, हेही आठवतं, ते सहसा तो प्रसंग मुलावर पुन्हा घडवत नाहीत. मार आठवतो पण दुखणं पुसलं गेलेलं असतं, तिथे धोका असतो.

तुम्हाला न्हाणीघरातला अंधार आठवतो. आईला नातीशी गोड वागताना बघून जो संताप येतो, तो त्या कोंडलेल्या पोरीचा आहे. हे मला का नाही मिळालं, असं ती विचारते आहे. या संतापाची लाज बाळगू नका. तो जिवंत आहे, म्हणून मला तुमच्या मुलीची काळजी कमी वाटते.

मुलगी चावून हसते त्याबद्दल दोन वाक्यं. सातव्या महिन्यात हिरड्या शिवशिवतात, चावल्यावर आई दचकते, ओरडते, आणि हे तिच्या दृष्टीने फार मजेदार असतं. तिला क्रौर्य म्हणजे काय हे कळण्याइतकं डोकंच अजून नाही. चावली की शांतपणे तोंड सोडवून घ्या, जरा थांबा, पुन्हा पाजा. त्या क्षणी कादंबरीतली मुलगी दिसते, कारण त्या पानाला आणि या पाजण्याला एकच वेळ, एकच अंधार, एकच खुर्ची आहे.

म्हणून पुस्तकं बंद करू नका, त्यांची वेळ बदला. दिवसा वाचा, लोकलमध्ये वाचा, जेवणाच्या सुट्टीत वाचा. रात्री पाजताना मोबाइल बाजूला ठेवून काहीतरी हलकं कानाने ऐका.

नवऱ्याशी बोलायचं आहे, आणि ते धड बोलायला हवं. 'मला कसंतरी होतं' म्हटलं की समोरचा माणूस 'आराम कर' म्हणतो आणि विषय संपतो. मुलगी झोपल्यावर बसवून घ्या आणि गॅलरीत काय झालं ते जसंच्या तसं सांगा. आधीच बजावून ठेवा, की मला उपाय नको, आधी पूर्ण ऐकून घे. तो वाईट आहे असं पत्रावरून वाटत नाही. घाबरला असावा, म्हणून पुस्तकावर राग काढतो. हा लेख त्याला वाचायला दिलात तरी चालेल. आणि एक ठोस मागणी करा: आठवड्यातल्या काही रात्री मधलं एक दूध तो पाजेल, काढून ठेवलेलं. तुम्हाला सलग पाच तास झोप मिळाली पाहिजे. झोपेवाचून कुणाच्याही डोक्यात गॅलऱ्या दिसायला लागतात.

आईशी लगेच हिशोब मांडायला जाऊ नका. 'तू मला का कोंडायचीस?' या प्रश्नाला एक तर रडणं येतं, नाहीतर 'तुम्हाला काय ठाऊक आम्ही काय सोसलंय' हे. त्यातून तुमच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्या टोकाने विचारून बघा: 'आई, मी झाले तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?' जिला स्वतःची आई मिळाली नाही, तिचं बाळंतपण कुणी केलं? सासूने? मामींनी? कुणीच नाही? उत्तर मिळालं म्हणून कोंडणं माफ होत नाही, आणि माफ करायलाच हवं असं मी मुळीच म्हणणार नाही. ती आज नातीशी प्रेमाने वागते म्हणून तुम्हाला झालेलं पुसलं जात नाही. नात तिच्याकडे सोपवताना मन खात असेल तर एकटीने सोपवू नका. हे सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि डॉक्टर. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, १९८७ साली एडिनबरामध्ये तयार झालेली. पाच-सात मिनिटांत होते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, मला ती भरायची आहे. सोबत आजीची गोष्ट, गॅलरीची गोष्ट आणि झोपेचे तास सांगा. त्यांनी 'होतं असं, दुर्लक्ष करा' म्हणून वाटेला लावलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जा, चिठ्ठीची गरज नसते. औषध लागलं तर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधं आहेत, म्हणून पाजते आहे हे आवर्जून सांगा. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ती चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

'शार्प ऑब्जेक्ट्स'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती तुमच्या मोबाइलवर आहे म्हणून सांगते. जिलियन फ्लिनची २००६ सालची ही पहिली कादंबरी. मोठी झालेली मुलगी बातमीदार म्हणून गावी, आईच्या घरी परत येते. पुस्तक उत्तम आहे, पण त्यात स्वतःला इजा करण्याची वर्णनं आहेत आणि आईच्या हातून होणारा छळ अगदी जवळून दाखवला आहे. आत्ता नको. झोप जरा भरून निघू दे, एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, आईच्या मामींना फोन करून झाला की मग वाचा, दिवसाउजेडी.